पिकअपचा खटका

जुन्या पिकअपच्या पोटातून दोन-तीन तऱ्हेचे आवाज येतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. उभी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की एकदाच 'ठक्' होतं, रिव्हर्स टाकला की पुन्हा एकदा. म्हणजे इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंतच्या वाटेत कुठंतरी प्ले आला आहे. चाक फिरण्याआधी ती मोकळी जागा भरून निघते, त्याचा हा आवाज. गाडी हळू चालताना चिमणीसारखं चिं-चिं वाजत असेल आणि वेगाबरोबर ते वाढत असेल, तर क्रॉस कोरडा पडला आहे. एका ठरावीक वेगाला सगळी केबिन थरथरत असेल, तर सेंटर बेअरिंग किंवा शाफ्टचा बॅलन्स बघायचा. हे ज्ञान मला मिरजेतल्या एका गॅरेजातल्या लाकडी बाकावर बसून मिळालं.

माझे दुल्हाभाई तासगाव-सांगली भागात बेदाण्याची वाहतूक करतात. गाडी जुनी. हंगामात ती एक दिवस जरी उभी राहिली तरी भाडं दुसऱ्याकडे जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. तिला हा खटका लागला तेव्हा एका मोठ्या गॅरेजात सांगितलं गेलं की हाउजिंग खोलावं लागेल, क्राउन-पिनियन गेलेला दिसतोय. म्हणजे कित्येक हजारांचा खर्च आणि दोन-तीन दिवस गाडी उभी. आपांनी तर बांगड्यांचं नाव काढलं होतं.

मग आम्ही चाचांकडे गेलो. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी पाना हातात घेतला नाही. दुल्हाभाईंना गाडी हातभर पुढं, हातभर मागं घ्यायला लावली आणि स्वतः बाजूला मान वाकवून उभे राहिले. मग चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि खाली सरकले. आधी पाट्यांचे यू-बोल्ट तपासले, कारण ते ढिले असले तर मागचा अ‍ॅक्सल हलतो आणि आवाज हुबेहूब असाच येतो. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर पाहिलं. शेवटी एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने पिनियनचा फ्लँज धरून उलटसुलट फिरवलं. शाफ्ट किंचित हलत होता, फ्लँज मात्र जागच्या जागी. क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी जमली होती. खालूनच आवाज आला, "हाउजिंग नको खोलो. क्रॉस गया."

क्रॉस म्हणजे अधिकचिन्हासारखा लोखंडी तुकडा. त्याच्या चार टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कपात सुईएवढ्या बेअरिंगची रांग. खड्ड्यांत मागचा अ‍ॅक्सल वरखाली होत असतो, तरी फिरणारा शाफ्ट तुटत नाही, तो या सांध्यामुळे. इंग्रजी पुस्तकांत त्याला सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्दानोचं किंवा सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं नाव आहे. सांधा कोनात फिरतो तेव्हा पुढच्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा सांधा हा चढउतार भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. म्हणून चाचांनी बोल्ट सोडण्याआधी फ्लँजवर आणि शाफ्टवर छिन्नीने एकेक खूण केली. खूण न करता शाफ्ट काढणाऱ्याची गाडी नंतर थरथरते, आणि तो बिचारा बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो.

सर्क्लिप काढून, शाफ्ट वाइसमध्ये धरून, कप ठोकून बाहेर काढले. एका कपातल्या सुयांची अक्षरशः माती झाली होती. क्रॉसच्या त्या टोकावर नखाला लागतील असे चरे पडले होते. ग्रीसचं निपल वाळलेल्या चिखलाने बुजलं होतं, म्हणजे दर सर्व्हिसिंगला ग्रीस गन टेकवली जात होती आणि ग्रीस बाहेरच पुसलं जात होतं. ते चारही कपांच्या कडेतून बाहेर दिसेपर्यंत मारायचं असतं. नवा क्रॉस बसवताना एक कप पूर्ण बसेना. चाचांनी तो काढला, तर आत एक सुई आडवी पडली होती. तिथं जोर लावून ठोकलं असतं तर नवा क्रॉसही गेला असता. शेवटी योकवर हातोडीच्या दोन हलक्या थापा दिल्या, क्रॉस बोटाने सहज हलतोय ना पाहिलं आणि सरकत्या स्प्लाइनमध्येही ग्रीस भरलं. क्रॉस काही शे रुपयांचा, वर मजुरी. अस्रच्या अजानच्या आधी गाडी रस्त्यावर होती आणि खटका गेला होता.

मिरजेत आवाज ऐकून काम करणारी दुसरीही माणसं आहेत. सतारमेकर गल्लीत जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम कमी झालं तेव्हा त्यांचे हात वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावाने कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. त्याच गावात गाडीखाली झोपून कान लावणाऱ्याला कोणी कलाकार म्हणत नाही. त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे: पंक्चरवाला.

हा शब्द आता टायरशी संबंधित राहिलेला नाही. आमच्या समाजाबद्दल बोलताना तो टोमणा म्हणून वापरतात, डॉक्टर असो की वकील. सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवलं होतं की मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत आणि वाहनदुरुस्तीसारख्या कामांत त्यांचं प्रमाण मोठं आहे. त्या अहवालात ही काळजीची गोष्ट होती. टोमणा मारणाऱ्यांनी तिचा विनोद केला.

पण आपण तरी काय करतो? १२०६ साली यंत्रांवर ग्रंथ पूर्ण करणाऱ्या अल-जझरीची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमानाने पुढं ढकलतो, आणि लग्न जुळवताना मुलगा गॅरेजात आहे म्हटलं की गप्प होतो.

हे मला सुचलं ते आपांच्या मुलामुळे. त्या दिवशी तो सोबत होता, दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. घरी आल्यावर म्हणाला, "मामू, मला हेच शिकायचंय." आपा लगेच म्हणाल्या, "कशाला? शाळेत ऐकून घेतलंस ते कमी पडलं?" त्यांचा राग टोमण्यापुरताच नव्हता. चाचांची कंबर पन्नाशीतच वाकली आहे, त्यांना पीएफ नाही, विमा नाही, जॅक सटकून बोट गेलं तेव्हाचा दवाखाना त्यांनीच भरला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हस्तकौशल्याच्या मोठेपणावर भाषण देणं मला सोपं आहे, मी पगारदार माणूस.

चाचांनाच विचारलं. ते म्हणाले, अठराच्या आतलं पोर मी हाताखाली घेत नाही. आधी आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं कर, गाड्यांतलं इलेक्ट्रिकचं काम शीक, सर्टिफिकेट घे, मग ये. "मेरेकू वो कागज नई था," एवढंच म्हणाले आणि पुढच्या टेम्पोखाली गेले.

फॉर्म मी आणि भाच्याने मिळून भरला. पहिला पसंतीक्रम मिरजेचा. आपांनी मोबाइल हातात घेऊन तो वरपासून खालपर्यंत वाचला, वडिलांच्या नावातली एक चूक दुरुस्त करायला लावली, आणि फी किती आहे ते विचारलं.