नव्या बंदुकीचे वंगण

१/
१८५७ चा विषय निघाला की ‘गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे’ हे शब्द आपोआप ओठांवर येतात. पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर धर्मशास्त्रात सापडत नाही, बंदुकीच्या नळीत सापडते. आणि ते समजले की त्या शिपायांविषयीचे आपले मतही थोडे हलते, असा माझा अनुभव आहे.

२/
कंपनीच्या शिपायाची जुनी बंदूक ‘ब्राऊन बेस’ घराण्यातली, ठासणीची आणि गुळगुळीत नळीची. नळीचा व्यास सुमारे पाऊण इंच. शिशाची गोळी त्याहून बरीच लहान. गोळी सैल असल्याने गजाने सहज खाली जाई, पण सुटताना नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. शंभर यार्डांपलीकडे ती कुठे लागेल हे सांगणे कठीणच.

३/
१८५३ च्या एन्फिल्ड रायफलीने हे चित्र पालटले. तिच्या ०.५७७ इंची नळीत आतून तीन सर्पिल खाचा कोरलेल्या होत्या. स्फोटाच्या दाबाने गोळीचा पोकळ तळ फुगे, खाचा धरे आणि गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाई. मारा कित्येक पटींनी लांबला. परंतु गोळी आणि नळी यांच्यातील मोकळी जागा जवळजवळ संपली, आणि तिथेच वंगणाचा प्रश्न उभा राहिला.

४/
त्या काळची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. ही काजळी खाचांत बसते आणि कोरड्या हवेत टणक होते. काही फैरींनंतर घट्ट मापाची गोळी नळीत उतरेनाशी होते. वंगण दोन कामे करी : गोळी ठासताना घर्षण कमी करणे आणि काजळी मऊ राखणे. वंगणाशिवाय एन्फिल्ड म्हणजे काही वेळाने नुसती लांब काठी.

५/
ही गोष्ट मला पुस्तकाआधी हाताला कळली होती. वाशीमला महाविद्यालयात असताना एनसीसीत .२२ रायफल साफ करण्याचे काम आमच्याकडे असे : पुल-थ्रू, चिंधी आणि तेलाची छोटी बाटली. पहिली चिंधी काळीकुट्ट निघे, पाचवी-सहावी जरा उजळ. तेल कमी पडले तर भाग कचरतात. जास्त झाले तर धूळ आणि काजळी त्यात कालवून चिखल होतो. नव्या पिस्तुलाचेही तेच. कारखान्यात गंजू नये म्हणून चोपडलेले तेल आधी पुसायचे, घासणाऱ्या भागांना हलका हात फिरवायचा, मग काही फैरी झाडून ते भाग एकमेकांना सरावू द्यायचे. बैलगाडीच्या कण्याला वंगण देणाऱ्या आपल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

६/
आता एन्फिल्डचे काडतूस पाहा. कागदाची नळकांडी, तिच्यात दारू आणि गोळी. गोळीकडचा भाग वंगणात बुडवलेला. शिपायाने दुसरे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगणाचा भाग नळीच्या तोंडात सरकवायचा, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने ठासायचे. एका हाताने बंदूक सावरायची असल्याने दातांची मदत ओघानेच आली. कवायतीत हेच शिकवले जाई. म्हणजे हाताला वंगण आणि दातांखाली त्याच काडतुसाचा कागद, अशी ही कृती होती.

७/
वंगण कशाचे? इंग्लंडातील मिश्रणात प्राण्यांची चरबी मुख्य होती, जोडीला मेण. कलकत्त्याच्या शस्त्रागारासाठी चरबीचे कंत्राट दिले गेले तेव्हा ती कोणत्या प्राण्याची असावी, अशी अट त्यात घातलेली नव्हती. आणि धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती! १८५३ मध्ये हवामानाचा परिणाम तपासण्यासाठी वंगण लावलेली काडतुसे हिंदुस्थानात आली, तेव्हा बंगाल लष्करातील कर्नल टकर यांनी लिहून कळवले होते की, वंगण जातिधर्माला बाध आणणारे नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे हिंदी पलटणींना देऊ नयेत. ते पत्र दप्तरात पडून राहिले.

८/
नवी रायफल शिकवण्यासाठी दमदम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे निघाली. निरनिराळ्या पलटणींतून थोडे थोडे शिपाई तेथे यायचे आणि शिकून परतायचे. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला आणि नकार मिळताच ‘आता चरबीचे काडतूस चावाल तेव्हा जात कुठे राहील?’ अशा अर्थाचे सुनावले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या केंद्रांतून नव्या शस्त्राचे ज्ञान पसरायचे, तेथूनच ही शंकाही छावण्या-छावण्यांत पोहोचली.

९/
येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. सरकारने उपाय लगेच काढला. २७ जानेवारी १८५७ च्या आदेशाने काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे मिश्रण स्वतः लावावे, असे ठरले. तेल आणि मेण यांनी काम भागत होते. पुढे दातांऐवजी बोटांनी कागद फाडण्याची मुभाही मिळाली. म्हणजे यंत्राची गरज आणि माणसाची श्रद्धा यांत अटळ भांडण नव्हतेच. चार वर्षे आधी, न मागता केलेली हीच तडजोड बहुधा कोणाच्या ध्यानातही राहिली नसती.

१०/
पण तोवर शंका वंगणावरून कागदावर सरकली होती. नवा कागद तुकतुकीत दिसतो, त्यातच चरबी असणार! कागदाची रासायनिक तपासणी झाली. चरबी सापडली नाही. तरीही फेब्रुवारीत बहरामपूरला १९ व्या पलटणीने नकार दिला. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या रिसाल्याच्या ९० स्वारांपुढे काडतुसे आली. ती जुनीच, बिनचरबीची होती आणि बोटांनी फाडायची होती. तरी ८५ जणांनी हात मागे घेतले. ९ मे रोजी साऱ्या छावणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या. १० मे उजाडला तो उठाव घेऊनच.

११/
‘मग ते अडाणीच नव्हते का? चरबी नव्हती, तरी नाही म्हणाले!’ असे आजही ऐकू येते. उठावात पुढे शिपायांनी तीच काडतुसे झाडली, असा टोमणा इंग्रज लेखकांनीही मारला. मला वाटते, प्रश्न उलटा विचारला पाहिजे. जानेवारीत ‘काही नाही’ म्हणून सांगितले गेलेले मे महिन्यात तपासायचे साधन शिपायाकडे कोणते होते? रसायनतज्ज्ञ सरकारचा, कंत्राट सरकारचे, शिक्षाही सरकारची. त्याच्या हाती एकच गोष्ट होती : नकार. आणि स्वतःच्या लढ्यासाठी उचललेले काडतूस व हुकुमाने हातात कोंबलेले काडतूस यांत चरबीचा नाही, संमतीचा फरक आहे.

१२/
सर्व काही काडतुसांनीच घडवले, असेही नव्हे. आपल्याकडेच पाहा. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचा रिसाला बिथरला तो आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालवून नेणार या शंकेने. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. वरसईचे गोडसे भटजी महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकीकत ऐकतात आणि ‘माझा प्रवास’मध्ये नोंदवतात. वाशीमशेजारच्या हिंगोलीतही याच कंटिंजंटची छावणी होती आणि १८५३ च्या तहापासून तिच्या खर्चासाठी वऱ्हाडचा महसूल तोडून दिलेला होता. म्हणजे आमच्या शेतसाऱ्यावर पोसल्या जाणाऱ्या फौजेचा कारभारही शंकेपासून दूर नव्हता.

१३/
या कथेचा शेवट फारसा सांगितला जात नाही. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी एक वेगळी बंदूक तयार झाली : १८५८ चा नमुना. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे. आतून मात्र नळी पुन्हा गुळगुळीत, खाचांविना. गोऱ्या सैनिकाहून हिंदी सैनिकाचे शस्त्र एक पिढी मागे ठेवायचे, हे पुढे धोरणच झाले. ज्या खाचांसाठी वंगण लागत होते, त्या खाचाच काढून टाकल्या. तोफखाना तर बहुतांशी गोऱ्यांच्याच हाती ठेवला गेला.

१४/
वंगण हा शब्द आपण यंत्रापुरता ठेवतो. पण सत्ता आणि माणूस यांच्यातही घर्षण असतेच. ते सुसह्य करणारी गोष्ट म्हणजे आधी विचारणे. कंपनीने नव्या बंदुकीची नळी दहादा तपासली, वंगण उन्हात वितळते का हेही पाहिले. ज्याने ती हाती धरायची होती त्याला मात्र विचारले नाही. मित्रहो, पुढच्या वेळी कोणी त्या ८५ जणांना ‘अफवेला भुललेले’ म्हणेल, तेव्हा त्याला एवढेच विचारा : काडतुसाला वंगण का लागत होते, हे ठाऊक आहे का? चर्चा तेथून सुरू झाली, तर ती पुष्कळ पुढे जाईल.