मुलाच्या आजीस

ज्या संगीताचे नाव काढताच आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या संगीतातले एक अत्यंत गाजलेले गाणे एका आजीला उद्देशून लिहिलेले आहे, असे कोणी सांगितले तर आपल्यापैकी बहुतेकांना ती थट्टा वाटेल. पण ती वस्तुस्थिती आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरच्या ‘आउटकास्ट’ या दोघा रॅप गायकांच्या जोडीने २००० साली ‘मिझ जॅक्सन’ हे गाणे प्रसिद्ध केले. जोडीतील एक आंद्रे बेंजामिन. संगीताच्या जगात तो आंद्रे ३००० म्हणून ओळखला जातो. तो आणि गायिका एरिका बडू काही वर्षे एकत्र होते. १९९७ साली त्यांना मुलगा झाला आणि पुढे दोघे वेगळे झाले. गाण्यात आंद्रे त्या मुलाच्या आईशी बोलत नाही, आईच्या आईशी बोलतो. झाल्या गोष्टीबद्दल तिची क्षमा मागतो आणि नातवाच्या आयुष्यातून आपण नाहीसे होणार नाही, अशी ग्वाही देतो. जॅक्सन हे आडनाव तेवढे कल्पित आहे. २००१च्या फेब्रुवारीत हे गाणे बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आमच्या मंडळींत हा विषय आला तो एका नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून. आम्ही चौघे वसईच्या एकाच धर्मग्रामात वाढलो, एकाच शाळेत शिकलो आणि मग पांगलो. एक जण अंधेरीत ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. दुसरी कुवेतच्या इस्पितळात अकरा वर्षे परिचारिका होती, आता परतली आहे. तिसरी शिक्षिका. महिन्यातून एखाद्या रविवारी, सायंकाळच्या मिस्सेनंतर, परिचारिका मैत्रिणीच्या पडवीत आमची बैठक बसते. शिक्षिका मैत्रीण गेली तीन वर्षे पतीपासून वेगळी राहते. मुलगा आठवडाभर तिच्याकडे आणि शनिवार-रविवार वडिलांकडे, म्हणजे खरे पाहता वडिलांच्या आईकडे असतो. रविवारी दिवेलागणीला वडील त्याला वाटेवरच्या क्रुसापाशी सोडून जातात. दारापर्यंत येत नाहीत. त्या रविवारी मुलगा पडवीच्या पायरीवर बसून या गाण्याचे धृपद गुणगुणत होता. अर्थ त्याला कळत नव्हता, चाल मात्र पक्की बसली होती.

“त्या घरातून तो काय घेऊन येतो, ऐका,” मैत्रीण त्राग्याने म्हणाली. “अभ्यासाची वही तिकडे विसरतो आणि हे घेऊन येतो.”

ध्वनिमुद्रणवाला मित्र हसला. “हे गाणे कोणाला उद्देशून आहे, हे तुला ठाऊक आहे का?” त्याने विचारले आणि वर दिलेली हकिगत सांगितली. मैत्रीण गप्प झाली. पण त्या संध्याकाळी सुरू झालेला वाद पुढच्या दोन बैठका पुरला.

आमच्या मित्राला या संगीताचा अभिमान आहे आणि अभिमान बाळगणाऱ्याने इतिहास सांगावा, हे ओघानेच आले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून मोठा द्रुतगती मार्ग काढताना हजारो कुटुंबे उठवली गेली, वस्त्या मोडल्या. त्याच भागातील सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने तळमजल्यावरच्या दालनात एक मेळावा भरवला. हेतू काय, तर शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे जमवायचे! मुलींना प्रवेश पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. जमैकाहून आलेला हा मुलगा पुढे ‘कूल हर्क’ या नावाने प्रसिद्ध झाला. गाण्यातील ज्या तुकड्यावर नाचणारे विशेष रंगतात, तो तुकडा दोन तबकड्यांवर पुनःपुन्हा वाजवून लांबवण्याची त्याची युक्ती हाच हिप-हॉपचा उगम मानला जातो. बहिणीच्या शाळेच्या कपड्यांसाठी भावाने वाजवलेले हे संगीत आहे, ही गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडे बहिणीच्या लग्नासाठी राबणारे भाऊ पुष्कळ. शाळेसाठी राबणारे थोडे.

परंतु आठ्या पडतात त्या उगाच पडत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. या संगीतातील बरीच गाणी स्त्रीविषयी जी भाषा वापरतात, ती कोणत्याही घरात ऐकवण्याजोगी नाही. १९९३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील बाप्टिस्ट पाळक कॅल्विन बट्स यांनी अशा ध्वनिफितींविरुद्ध उघड मोहीम उभारली होती. बट्स स्वतः कृष्णवर्णीय आणि त्याच समाजाचे. तेव्हा ही टीका परक्याची नव्हती. आमच्या मित्राला हे नाव ठाऊक होते, पण त्याने ते काढले नाही, मीच काढले. त्यावर तो म्हणाला, “खरे आहे. पण नुसते वाईट शब्द असते, तर इतके विकले गेले असते का? ते शब्द विकले जातात, हे कंपन्यांना कळले, म्हणून ते वाढले.”

आता मूळ गाण्याकडे येऊ. त्यात दोन पुरुषांचे दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. आंद्रेचा जोडीदार बिग बॉय, म्हणजे अँटवन पॅटन, चिडलेला आहे. शाळेची फी, दवाखान्याची बिले आपण भरतो आणि तरी मुलाला भेटण्यासाठी भांडावे लागते, ही त्याची तक्रार. आंद्रेचा सूर हळुवार. मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून पदवीच्या दिवसापर्यंत आपण हजर असू, असे तो म्हणतो. पार्श्वभूमीला पियानोवर वाग्नरच्या वधूगीताचे सूर येतात. वधू चर्चच्या दारातून आत येताना आपण ऑर्गनवर ऐकतो, तेच ते सूर. ज्यांचे लग्न झालेच नाही, त्यांच्या ताटातुटीच्या गाण्यात ते वाजावेत, यातील वेदना समजायला इंग्रजी यावे लागत नाही.

परिचारिका मैत्रिणीला मात्र आंद्रे मुळीच पटला नाही. “लाखो लोकांसमोर क्षमा मागायची आणि त्या क्षमेचे पैसे मिळवायचे! मला तो दुसराच बरा वाटतो. निदान तो बिले भरतो.” मला तिचे म्हणणे मानवले. चर्चच्या कायद्यात विवाहबंधन कायम ठेवून पतिपत्नींनी वेगळे राहण्याविषयी कलमे आहेत. त्यातील ११५४ व्या कलमात एवढेच बजावले आहे की, वेगळे राहण्याचे ठरल्यावर मुलांच्या पोषणाची आणि शिक्षणाची पुरेशी तजवीज झालीच पाहिजे. त्यात भावनांचा उल्लेख नाही. कायदा लिहिणाऱ्यांना अनुभव असावा.

“मग पैशांचेच ऐक,” मित्र म्हणाला आणि त्याने त्या धंद्याचे गणित मांडले. कंपनी कलावंताला सुरुवातीला मोठी रक्कम देते. ती बक्षीस नसते, उचल असते. ध्वनिमुद्रण, चित्रफीत आणि दौरा यांचा बराचसा खर्च कलावंताच्या मानधनातून वळता केला जातो. ही सारी उचल फिटेपर्यंत त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ‘टीएलसी’ या तीन मुलींच्या गटाचा १९९४ सालचा संग्रह जगभर प्रचंड खपला आणि १९९५ साली त्याच तिघींनी दिवाळखोरीसाठी अर्ज केला! शेतावर आगाऊ रक्कम घेऊन हंगामभर राबणाऱ्या मजुराची अवस्था आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. तिला न्यूयॉर्कमध्ये इतके झगझगीत रूप येते, एवढाच फरक. गंमत म्हणजे या धंद्यात दहा आज्ञाही एकदा थेट न्यायालयात आल्या. बिझ मार्की या रॅपरने दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला, त्यावरील १९९१च्या निकालपत्राची सुरुवात न्यायाधीशांनी सातव्या आज्ञेने केली. तेव्हापासून असा प्रत्येक तुकडा पैसे मोजून घ्यावा लागतो.

या गणितात मुलाला जागा कुठे? लॉरिन हिल ही गायिका गरोदर राहिली तेव्हा ती ऐन कीर्तीत होती आणि हे मूल आता नको, असे सल्ले तिला मिळाले. तिने ते मानले नाहीत. १९९७ साली मुलगा झाला. त्याचे नाव झायन, म्हणजे आपल्या स्तोत्रांतील सियोन. १९९८च्या तिच्या संग्रहात त्या मुलावर एक गाणे आहे आणि कार्लोस सँटाना यांची गिटार त्याला साथ करते. त्या संग्रहाला १९९९ साली वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा ग्रॅमी मिळाला. हिप-हॉपच्या क्षेत्रातील कृतीला तो मान प्रथमच लाभला. गर्भातील जिवाविषयी आपण व्याख्याने पुष्कळ ऐकतो. शिक्षिका मैत्रिणीने हे गाणे तिथेच मित्राच्या फोनवर लावून दोनदा ऐकले आणि काही बोलली नाही.

सहपालकत्व हा शब्द नवा आणि उच्चारायला जड आहे. गोष्ट आपल्याला नवी नाही. गोव्याचे तारवटी वर्षानुवर्षे बोटीवर असत, आपल्याकडच्या कितीतरी आया आखातात राबल्या आणि मुले आज्यांनी वाढवली. आमच्या परिचारिका मैत्रिणीची दोन्ही मुले अशीच वाढली. मुंबईच्या रॅप संगीतात ‘डिव्हाइन’ या नावाने गाणारा विव्हियन फर्नांडिस हादेखील आई परदेशी नोकरीला असताना अंधेरीच्या जे. बी. नगरमध्ये आजीजवळ वाढला. २०१५ साली त्याने नेझीबरोबर ‘मेरे गली में’ गायले आणि २०१९चा ‘गली बॉय’ हा चित्रपट या दोघांच्या जीवनावरून स्फुरला. “तेव्हा आजीला गाणे लिहिले, यात नवल कसले?” मित्र म्हणाला. “आजीला नाही लिहायचे, तर लिहायचे कोणाला?”

“माझ्या आणि हिच्या गोष्टीत फरक आहे,” परिचारिका मैत्रीण हळूच म्हणाली. “मी परत येणार, हे माझ्या सासूला ठाऊक होते. फोनवर मुले रडली की ती त्यांना माझ्याविषयी चांगले सांगायची. माझ्यामागे ती मला काय म्हणत असेल ते असो. मुलांपुढे कधी बोलली नाही.”

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात वेगळ्या झालेल्या आईवडिलांना नेमके हेच विनवले होते. मुलाला ओलीस धरू नका; आईच्या तोंडून त्याला वडिलांविषयी आणि वडिलांच्या तोंडून आईविषयी चांगलेच ऐकू येऊ द्या. हे मी बोलून दाखवले. शिक्षिका मैत्रीण जराशी रागावली. “पोपमहाराजांना सासू नव्हती,” ती म्हणाली आणि आम्ही सारेच हसलो. मग तीच गंभीर झाली. “मी त्याच्यासमोर वाईट बोलत नाही. पण चांगलेही बोलत नाही. त्या घराविषयी मी काहीच बोलत नाही. मुलाला ते कळते. तिकडून आला की तो तासभर काही सांगतच नाही, आणि मग गाणे म्हणतो.”

यावर आम्हां तिघांनाही उत्तर सुचले नाही. मित्राने तेवढे सांगितले की, ते गाणे गाजल्यावर मुलाच्या खऱ्या आजीला ते फार आवडले आणि तिने आपल्या मोटारीसाठी ‘मिझ जॅक्सन’ अशी पाटीच करून घेतली, असे एरिका बडूने पुढे एका मुलाखतीत सांगितले होते. स्वतः एरिकाला मात्र ते ऐकताना पहिल्यांदा बोचले होते. आई दुखावलेली आणि आजी खूश! २०१५ साली, मुलगा अठराचा झाला तेव्हा, एरिका आणि आंद्रे पुन्हा एका गाण्यात एकत्र गायले. ते पतिपत्नी झाले नाहीत. आपण ज्याला संसार म्हणतो, तो तिथे कधीच नव्हता आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र पंधरा वर्षांपूर्वी गाण्यातून दिलेला शब्द, पैशाच्या एवढ्या रेट्यातही, सर्वस्वी वाया गेला नाही असे दिसते.

मैत्रिणीच्या मुलाचा पहिला ख्रिस्तप्रसाद येत्या मे महिन्यात आहे. पालकांच्या सभेला आईवडील दोघांनी यावे, असे फादरांनी सांगितले आहे. गेल्या बैठकीत तिने कळवले की, तिने फोन केला. पतीला नव्हे, सासूला. तीन वर्षांनी. फोनवर दोघी पुष्कळ वेळ गप्पच होत्या. मग सासूने एवढेच विचारले, की पांढऱ्या शर्टाचे कापड आणून ठेवले आहे, तेव्हा बाह्या मागच्याच मापाच्या कापू की पोर वाढले आहे?