पन्नी, पावती आणि आठवडी बाजार

पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या झरी जामणी तालुक्यात कचरा हा प्रश्न म्हणून उपस्थित झाला तो फार उशिरा. कोलामांच्या पोडांवर आणि गोंडांच्या वस्त्यांवर शेणाने सारवलेली अंगणे, पळसपानांच्या पत्रावळी, बांबूची टोपली आणि परसातला उकिरडा अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असल्यामुळे जे टाकले ते मातीत जिरले आणि पुढल्या मृगाच्या आधी खत होऊन शेतात पडले. टाकलेली वस्तू वर्षानुवर्षे जशीच्या तशी पडून राहते, हा अनुभव येथील माणसाला प्लास्टिकच्या पिशवीने, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत पन्नीने, प्रथम दिला.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण राज्य शासनाने २०१४ साली स्वीकारले आणि त्यायोगे आमच्या गावालाही नगरपंचायत मिळाली. मी शिक्षक, त्यामुळे स्वच्छतेच्या प्रबोधनाची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली. प्रभातफेऱ्या निघाल्या, घोषणा झाल्या, भिंती रंगल्या. मुले उत्साहाने ओरडत आणि फेरी संपल्यावर बिस्किटाचा कागद त्याच रस्त्यावर टाकून घरी जात. यात मुलांचा दोष नव्हता. कचऱ्याने कुणाचे काय बिघडते हे त्यांनी पाहिलेच नव्हते.

ते त्यांनी पाहिले एका गायीच्या निमित्ताने. वस्तीतल्या एका शेतकऱ्याची गाय चारापाणी सोडून बसली, पोट फुगले, आणि गुरांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले, तेव्हा मालकाच्या संमतीने वरच्या वर्गातील काही मुलांना मी तेथे नेले. डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो हिरवट-काळा, दुर्गंधीयुक्त, पीळ पडलेला एक गोळाच घेऊन. तो पाण्याने धुऊन उलगडला तेव्हा त्यातून पन्न्या निघाल्या, सुतळी निघाली, दुधाच्या पिशव्या निघाल्या, शिवाय ज्या गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे त्याच्या पुड्याही निघाल्या. आणि एका पिशवीवरची अक्षरे तर इतकी शाबूत होती की एका मुलाने ती मोठ्याने वाचून दाखविली. त्या दिवसानंतर शिळी भाकर पन्नीत बांधून उकिरड्यावर टाकणाऱ्या आईला आणि आजीला त्या मुलांनी घरोघरी हटकले. माझ्या कोणत्याही व्याख्यानाने जे साधले नव्हते ते साधले.

परंतु बाजार मुलांच्या हटकण्याने बदलत नाही. तेथे कायद्याचा अंमलच लागतो. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकबंदी आली, तीत पहिल्या अपराधाला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपयांसह तीन महिन्यांपर्यंत कैद अशी दंडाची तरतूद आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी नगरपंचायतीचे कारकून पावतीपुस्तक घेऊन निघाले असता मीही त्यांच्यासोबत होतो. पहिलीच गाठ पडली ती पोडावरून डोक्यावर टोपले घेऊन आलेल्या एका वृद्ध बाईशी. टोपल्यात चारोळी आणि थोडी तुरीची डाळ, आणि लुगड्याच्या ओच्यात पन्न्यांचा जुडगा. "पन्नी नाई देली तं गिऱ्हाईक फुडं जाते, बाबू," ती म्हणाली. सारा माल विकूनही तिच्या हाती दंडाच्या रकमेचा दहावा हिस्सा आला नसता. कारकुनांनी पुस्तक मिटले, पन्न्या ताब्यात घेतल्या, समज दिली, आणि मग अत्यंत सौम्य स्वरात एकच प्रश्न विचारला: "आजी, ह्या कुठून घेतल्या?"

माझ्या मते त्या दिवसाची खरी कारवाई त्या प्रश्नात होती. आजीने बोट दाखविले त्या दुकानाच्या मागल्या खोलीत पन्न्यांची पोती निघाली. रीतसर पंचनामा झाला, माल जप्त झाला, आणि ५,००० रुपयांची पावती फाटली ती तेथे. ज्याची ऐपत आहे आणि ज्याच्या हातून हा माल गावात उतरतो, त्याच्यापासून दंडाची वसुली सुरू झाली पाहिजे. तळाच्या माणसापासून सुरू झालेली वसुली लोकांना जुलूम वाटते, आणि जुलूम वाटणारा कायदा कुणी मनापासून पाळीत नाही. पुढल्या बाजारापासून बचत गटाच्या बायांनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या पिशव्या बाजाराच्या तोंडाशी मांडल्या, हेही तितकेच आवश्यक होते, कारण पर्याय हाती न देता केलेली मनाई फार काळ टिकत नाही.

आधी कृती आणि सोय, मग उपदेश आणि सक्ती, हा क्रम आमच्या वऱ्हाडाला नवा नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात पाऊल टाकीत ते खराटा घेऊन; दिवसभर रस्ते झाडीत आणि उपदेशाचा शब्द उच्चारीत तो रात्रीच्या कीर्तनात. त्यांच्या नावाने राज्याने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. कोकणातल्या वेंगुर्ल्यातही नगरपरिषदेचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत असेच घडले: आधी वर्गीकरणाची सोय उभी राहिली, मग लोकांवर वर्गीकरणाची सक्ती आली, आणि जेथे कचरा साठत असे ती जागा लोक पाहावयास येऊ लागले. आमच्या लहानशा गावाचे उत्पन्न वेंगुर्ल्याइतके नाही. पण क्रम पाळावयास पैसा लागत नाही.

एका गोष्टीपुढे मात्र आमची नगरपंचायत हतबल आहे. शाम्पू, चहापत्ती, चिप्स यांच्या चकचकीत पुड्यांना कापडी पिशवीचा पर्याय नाही, त्या भंगारवालाही घेत नाही, आणि त्या बनविणारे कारखाने येथून शेकडो कोसांवर आहेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. त्यांचा कोणी प्रतिनिधी आमच्या बाजारात फिरकलेला मी पाहिला नाही. म्हणून मुलांनी शाळेच्या आवारात गोळा केलेल्या पुड्या आम्ही कंपनीवार वेगळ्या केल्या, पोत्यांत भरून तोलल्या, आणि त्यांचा तक्ता जोडून आमच्या मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज दाखल केला आहे की, हा तक्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रवाना करून ज्यांचा माल त्यांनीच तो उचलून न्यावा, असा तगादा आपल्या कचेरीमार्फत लावावा.