तारपा गायब करणारी वायर

जव्हार-मोखाड्याकडे कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची आता वानवा नाही. भात कापणीला आलं, वाघबारस जवळ आली की पोशेऱ्याच्या बाजूला एखाद्या पाड्यावर तारपा घुमू लागतो आणि शहरातला कुणी हौशी चित्रणकार तिथे तिपाई रोवून उभा असतो. लेन्स महागाची, बॅटऱ्या जादाच्या, आवाजासाठी मात्र कॅमेऱ्याच्या अंगचाच माइक. घरी येऊन बघावं तर चित्र झकास, आणि आवाजात झूम फिरल्याची घरघर, वारा, शेजारी उभ्या असलेल्या पोराचा खोकला. मग तो बाहेरून स्टिरिओ माइक जोडायचं मनावर घेतो.

ते त्याने घ्यायलाच हवं, कारण तारपा नाच एका कानाने ऐकायची गोष्टच नव्हे. वादक मधोमध, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या नाचणाऱ्यांची साखळी. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा शिरस्ता. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतला तो नागमोडी फेर मराठी वाचकाने कुठे ना कुठे पाहिलेला असतोच. आवाजाच्या दृष्टीने बघितलं तर मध्ये एक अखंड सूर आणि भोवती फिरती पावलं. दुधी भोपळ्याचं पोट आणि बांबूच्या दोन नळ्या असलेलं हे वाद्य वाजवताना श्वास तुटू द्यायचा नसतो. गालात हवा धरून ठेवायची आणि नाकाने नवी घ्यायची. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो याच वाद्यासाठी.

सूर डावी-उजवीकडून कळावा ही कल्पना मुळात सिनेमातूनच आली. लंडनला ई.एम.आय. कंपनीत काम करणारा अ‍ॅलन ब्लुमलाइन बायकोबरोबर सिनेमाला गेला आणि वैतागला, असं सांगतात. नट पडद्यावर या टोकाकडून त्या टोकाला चालतो, आवाज मात्र एकाच जागेवरून येतो! १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. पुढे १९३५ मध्ये प्रयोग म्हणून त्याने हेज स्टेशनवर धावणाऱ्या गाड्यांचं चित्रण केलं. गाडी जशी एका बाजूने येऊन दुसरीकडे जाते, तसाच पाड्यावरचा फेर.

आता वायर. कॅमेऱ्याच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेला तीन भाग असतात. टोक म्हणजे डावा, मधली कडी म्हणजे उजवा आणि बुडाचा लांब भाग दोघांची मिळून अर्थ. त्यासाठी दोन तारांची शिल्ड असलेली केबल घ्यायची, एकेका तारेवर एकेक माइक द्यायचा आणि शिल्ड बुडाला डागायची. एवढंच! पण पिनेच्या आत जागा नखाएवढी असते. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं की तारेवरचं प्लास्टिक वितळतं, शिल्डचा एखादा केसासारखा धागा कडीला चिकटतो आणि उजवा कान मुका होतो. पिनेवर आधी कथिल चढवून घ्यावं, तारेवरही चढवावं, मग दोन्ही एकत्र धरून क्षणभर आयर्न टेकवावं. डाग चकचकीत दिसायला हवा. मळकट, दाणेदार डाग कच्चा असतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याची खरखर दोन वाक्यांच्या फटीत लपते. तारप्याच्या न तुटणाऱ्या सुरात तिला लपायला जागा नाही.

कॅमेऱ्याच्या सॉकेटमधून बहुधा दोन-पाच व्होल्टही बाहेर येत असतात, कारण छोट्या इलेक्ट्रेट माइकला वीज लागते. स्टेजवरच्या साध्या डायनॅमिक माइकला ती नको असते. तसे दोन माइक जोडायचे तर प्रत्येक तारेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकावा, धन टोक कॅमेऱ्याकडे ठेवून. दोन-चार रुपड्यांचं काम, पण पुष्कळ जण ते टाळतात.

खरा घात होतो तो पुढे. अशा माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटमध्ये १ नंबर अर्थ, २ वर आवाज आणि ३ वर तोच आवाज उलटा. दोन्ही माइकच्या २ नंबरच्या तारा टोकाला आणि कडीला जायला हव्यात. १ आणि ३ एकत्र करून बुडाला. एका माइकवर २ आणि ३ ची अदलाबदल झाली, तर हेडफोनमध्ये चटकन काहीच वावगं वाटत नाही. उलट आवाज जरा ऐसपैस पसरल्यासारखा वाटतो आणि चित्रणकार खूश होतो. तोच व्हिडिओ साध्या मोबाइलच्या एका स्पीकरवर लावला की डावा-उजवा एकत्र मिसळतो. मधोमधचा सूर दोन्ही बाजूंना सारखाच, पण एका बाजूला उलटा. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पावलं ऐकू येतात, घुंगरांची काठी ऐकू येते, आणि तारपा गायब! एकच माइक असून त्याचा २ नंबर टोकाला आणि ३ कडीला जोडला असेल तर सगळंच नाहीसं होतं. बाजारात अशा तयार केबलीही मिळतात, तेव्हा विकत घेतलेल्या वायरीवरही भरवसा ठेवू नये. मल्टिमीटर लावून एकेक पिन तपासावी.

मोबाइलवर डावा-उजवा असा एकत्र मिसळतो, याच कारणाने प्रस्तुत लेखकाचा कौल एक्स-वाय मांडणीला आहे. दोन माइकची तोंडं एकमेकांवर, ९० अंशांत. फ्रेंच रेडिओची ओआरटीएफ मांडणी, म्हणजे माइकमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, हेडफोनवर जास्त मोकळी वाटते हे मान्य. पण त्या अंतरामुळे बाजूचे आवाज एका माइकला किंचित उशिरा पोचतात आणि मोबाइलवर एकत्र आल्यावर थोडे पोकळ होतात. एक्स-वायमध्ये तो धोका जवळजवळ नाहीच. माइक फेराच्या बाहेर बांबूवर उंच बांधावा, म्हणजे अलीकडची साखळी जवळून सरकते आणि पलीकडची उलट दिशेने जाते. आवाजाची पातळी हाताने ठरवावी, सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून.

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, पातळी हाताने न ठरवणाऱ्याची फजिती ठरलेली. रात्रभर सोंगं नाचतात आणि संबळ कडाडतो. कॅमेऱ्याचं ऑटो प्रत्येक ठोक्याला सगळा आवाज खाली ओढतं आणि क्षणभराने वर उचलतं, की मागचा जनरेटर पुढे येतो. जनरेटर माइकच्या पाठीमागे राहील अशी जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवलेली बरी.

हेडफोन हवेतच, पण चित्रण झाल्यावर गाव सोडण्यापूर्वी तुकडा साध्या मोबाइलवर उतरवून वादकालाच ऐकवा. आणि तो त्याच्या फोनवर ठेवूनही या. वादक तो पुढे याच एका स्पीकरवर ऐकणार आहे.