विस्कॉन्सिनमधली मृगया

मी कधी काळी हरणाच्या शिकारीला जाईन, असे कोणी भाकीत केले असते तर मी त्या ज्योतिषाची दक्षिणा परत मागितली असती. मांसाहाराशी आमच्या घराण्याचा संबंध शेजारच्या फोडणीच्या वासापुरता. पण अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबू गावाजवळ माझी धाकटी बहीण राहते. एका जानेवारीत मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. एका दुपारी ते दारात येऊन म्हणाले, "प्रोफेसर, धनुष्याच्या हंगामाचा आज शेवटचा दिवस. येता का?"

"दादा, नको रे जाऊस, गारठशील," बहीण म्हणाली. तिला काळजी थंडीची, मला पापाची! तरी कुतूहल जिंकले आणि दोन कानटोप्या चढवून मी निघालो.

तिकडे बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात जेमतेम नऊ दिवसांचा. धनुष्याचा मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. बंदूकवाला लांबून बार काढतो. धनुर्धराला हरीण वीसपंचवीस पावलांवर येईपर्यंत थांबावे लागते, आणि इतक्या जवळ यायला हरीण सहसा तयार नसते. धनुष्यासाठी वेगळा हंगाम या राज्यात प्रथम 1934 साली ठेवला गेला, तोही याच सॉक आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत.

गावाजवळ नदीकाठी आल्डो लिओपोल्ड या वन्यजीवनाच्या प्राध्यापकाची झोपडी आहे. 1935 साली त्याने तिथले पडीक शेत घेतले आणि कोंबड्यांचे जुने खुराडे झाडून त्यात आपल्या कुटुंबाची सुट्टीची बिऱ्हाडे थाटली. तो स्वतः धनुष्ये घडवी. त्याची पत्नी एस्टेला तर तिरंदाजीत राज्याची विजेती होती. तरुणपणी त्याला वाटे, लांडगे मारले की हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांचा स्वर्ग होईल. हरणे खरोखरच वाढतात, पण डोंगराचा पाला ओरबाडून संपवतात आणि मग उपाशी मरतात, हे त्याला पुढे उमगले. 1948 साली शेजारच्या शेतातला वणवा विझवताना तो गेला. त्याचे गाजलेले पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.

हे सारे मला शेजाऱ्यांनी वाटेत सांगितले. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवले. कापणी झालेल्या मक्याच्या शेताच्या कडेला एक कापडी तंबू होता; आत दोन स्टुले आणि समोर एक झरोका. त्यांनी चिमूटभर पावडर उडवून वारा पाहिला. तो आमच्याकडे येत होता, म्हणजे आमचा वास हरणांकडे जाणार नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे श्रीरामाचे कोदंड; त्यांच्या मांडीवर मात्र कप्प्या आणि दोऱ्यांचे एक यंत्रच होते. या कप्प्यांच्या युक्तीने दोरी पूर्ण ओढली की हातावरचा ताण हलका होतो.

"ऑक्टोबरात एक मादी माझ्या बाणाने जखमी झाली," ते कुजबुजले. "दोन दिवस रक्ताचा माग काढला. सापडली नाही." त्यानंतर त्यांनी बाण सोडला नव्हता.

दोन तास गेले. पायांची बोटे आहेत की नाहीत, हे बूट काढल्यावरच कळले असते. सूर्य झाडांआड गेला. सूर्यास्तानंतर कायदा काही मिनिटेच देतो. त्यांतलीही बरीच उलटली होती. तेवढ्यात बर्फावर तीन करड्या आकृती उमटल्या. पुढची मादी वीस पावलांवर येऊन तुसे हुंगू लागली. शेजाऱ्यांनी दोरी ओढली.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या छातीत जे धडधडत होते ती दया नव्हती. मी मनात ओरडत होतो, "सोडा! सोडा ना!"

मादीने मान वर केली. तिचे तोंड थेट आमच्याकडे. क्षणामागून क्षण गेले. ओढलेला हात थरथरू लागला. मग त्यांनी दोरी अगदी सावकाश परत आणली. त्या हालचालीने मादीने पाय आपटला, पांढरी शेपटी निशाणासारखी उभारली आणि तिघीही अंधारात गेल्या. हंगाम संपला.

"दया आली?" मी विचारले.

"दया? माझा फ्रीजर रिकामा आहे, प्रोफेसर! ती तोंड करून उभी होती. बाण फुप्फुसात जायला बाजू मिळावी लागते. नाहीतर पुन्हा रक्ताचा माग."

परतताना मला 'शाकुंतल' आठवले. वर्गात कितीदा तरी मी त्याची गोष्ट सांगितली आहे. हरणामागे धावणाऱ्या दुष्यंताला तपस्वी अडवतो, हे आश्रमाचे हरीण आहे असे सांगतो आणि राजा बाण उतरवतो. ते सांगताना मी नेहमी तपस्व्याच्या बाजूने उभा असतो. त्या संध्याकाळी आम्हांला अडवायला कोणी तपस्वी आला नाही. बाण उतरवला तो शिकाऱ्याने, आणि तोही माझे मन "सोडा, सोडा" म्हणत असताना.

घरी आल्यावर बहिणीने विचारले, "मिळाले का काही?"

"नाही."

"बरे झाले बाई! तुला उगाच पाप लागले असते."

मी काही बोललो नाही. वरणभात गरम होता; मान खाली घालून जेवलो.