मोतीला घेऊन तिलारीला



दोडामार्गला जाऊन आल्यापासून मंदिरात जी भेटते ती तीनच प्रश्न विचारते. कोरोनाच्या दिवसांत तिकडे कशाला गेलात? त्या मुलखात आपल्या जेवणाचं कसं केलंत? आणि कुत्र्याला बरोबर कशाला नेलंत? पायऱ्यांवर उभं राहून सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी मोतीविषयी. मोती जातिवंत वगैरे काही नाही, साधा गावठी कुत्रा. सहा वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, पावसात भिजलेलं पिल्लू पिशवीत घालून घरी आणलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी एकच अट घातली, स्वयंपाकघराचा उंबरा त्याने ओलांडायचा नाही. मोतीने ती अट आजतागायत पाळली आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता अण्णा काठी घेत आणि मोती फाटकापाशी जाऊन उभा राही.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत अफवा आली की कुत्र्यांमुळे कोरोना पसरतो. हाँगकाँगमध्ये एका पाळीव कुत्र्याच्या तपासणीत विषाणू सापडल्याची बातमी आली होती, तिला पाय फुटले. पाळीव प्राण्यांपासून माणसांना रोग पसरतो असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, तरी बऱ्याच ठिकाणी लोकांनी आपली कुत्री रस्त्यावर सोडली. आमच्याकडेही एकदोघी सांगून गेल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "त्याला सोडायचं तर आधी मला सोडा."

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोल्हापुरात रुग्ण फार वाढले. सप्टेंबरात अण्णा गेले. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. णमोकार मंत्र आम्ही फोनवरून ऐकवला, नर्सताईंनी फोन त्यांच्या कानापाशी धरला होता. शेवटचं दर्शन लांबूनच झालं. तुमच्यापैकी कितीतरी घरांत हेच घडलं आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर आमचे हे अण्णांचं नावसुद्धा काढीनात. दुकान, घर, जेवण, सगळं वेळच्या वेळी. बोलणं मात्र नाही. मोती रोज पाचला फाटकापाशी जाऊन बसायचा आणि अंधार पडला की उठायचा. हे त्याला फिरायला नेत नसत, मीच नेत असे. घरात दोन मुके जीव आणि मध्ये मी, असं पाच महिने चाललं.

२०२१ च्या फेब्रुवारीत जरा मोकळीक होती. मंदिरं दिवाळीच्या पाडव्यापासून उघडली होती, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत नव्हता. एका परिचितांनी दोडामार्ग तालुक्यातल्या एका घराचं नाव सुचवलं. तिलारी नदीच्या बाजूला, काजूच्या बागेत दोन खोल्या, शेजार लांब. तीन दिवस, दोन रात्री. मी यांना विचारलं नाही, मोतीचा पट्टा आणि भांडं गाडीत ठेवलं आणि म्हटलं, "चला."

कोल्हापुराहून आम्ही गडहिंग्लज, चंदगड करत तिलारीनगरला पोचलो आणि तिथून तिलारी घाट उतरलो. घाट फार उभा, वळणं आवळलेली. मोतीला निघण्याआधी तीन-चार तास काही खायला दिलं नव्हतं, म्हणून त्याला त्रास झाला नाही. कुत्र्याला गाडीतून नेणार असाल तर हे लक्षात ठेवा. पाणी मात्र थांबून थांबून द्यावं.

दोडामार्ग हा १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला छोटा तालुका. बाजारपेठ अगदी गोव्याच्या वेशीवर. इथल्या माणसांची नोकरी, दवाखाना, बाजार असं निम्मं जगणं पलीकडे. पहिल्या टाळेबंदीत ती वेस बंद झाली तेव्हा काय हाल झाले असतील, ते आपण कोल्हापुरात बसून कधी मनातही आणलं नव्हतं.

आता जेवणाचं. घर ज्यांचं, त्या काकींना मी आधीच फोनवर सांगितलं होतं, आमचं आम्ही शिजवू. कुकर, तवा, दोन पातेली, पाणी गाळायचं फडकं आणि पीठ घरून नेलं. मागच्या पडवीत वेगळी शेगडी मिळाली. काकी दारातूनच बघत होत्या. म्हणाल्या, "कांदो नाय, लसूण नाय, मगे चव खंयसून येतली?" मी म्हटलं, तुमच्याच परसातून येईल. त्यांनीच ओले काजूगर दिले, नारळ दिला. ओल्या काजूगरांची उसळ मी खोबऱ्याच्या वाटणात केली, आंबटपणाला कोकम घातलं. सार लसणाऐवजी जिऱ्याच्या फोडणीचं. काकींनी वाटीभर नेलं आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती काजूगरांनी भरून. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होता, त्याआधी आमचं आटोपायचं. तिथे दिवे लांब लांब, त्यामुळे अंधार पडल्यावर जेवण नको हे तिथे कुणाला समजावून सांगावंच लागलं नाही.

मोती काय खातो, हेही बऱ्याच जणी विचारतात. तो भाकरी, डाळ, भात, दही, उकडलेला भोपळा खातो. पशुवैद्यांना विचारून त्याचं खाणं ठरवलं आहे, वर्षाकाठी तपासणीही होते. एक गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली. कांदा आणि लसूण कुत्र्याला घातक असतात, त्यांनी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही देऊ नयेत. म्हणजे कांदा-लसणाच्या बाबतीत तरी आपलं स्वयंपाकघर त्याच्या सोयीचंच आहे! मांजर असेल तर मात्र असं करू नका, तिच्या शरीराला मांसाहारातूनच मिळणारी काही द्रव्यं लागतात.

पहिल्या संध्याकाळी काकी अंगणात बसल्या, आम्ही ओट्यावर, मध्ये चांगलं अंतर. मी म्हटलं, या रोगाने सगळ्यांना घाबरवून सोडलं. त्यावर त्या म्हणाल्या, "बाय, रोगाक भियाचा आमका नवा नाय." मग त्यांनी माकडतापाची गोष्ट सांगितली. २०१६ च्या जानेवारीत याच तालुक्यातल्या केर गावात तो ताप आला. मूळ रोग कर्नाटकातला, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला. गोचीड चावून तो होतो. माकडं आधी मरतात, मग माणसं तापाने पडतात, आणि जोर असतो तो नेमका काजूच्या हंगामात, जेव्हा बायका-पुरुष बागेत पाचोळ्यातून काजू वेचत असतात. पोट त्या पाचोळ्यावर आणि धोकाही त्याच पाचोळ्यात. "माकड मेलेला दिसला की आमी रानात जायत नाय," काकी म्हणाल्या. हंगामात पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांना डीएमपी तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे. आपण २०२० मध्ये जे शिकलो ते या बायका चार वर्षं आधीपासून करत होत्या.

आणि इथेच गोचिडाच्या औषधाचा प्रश्न येतो. निघण्याआधी मी मोतीला गोचिडाचं औषध लावलं होतं. एका मावशींनी मला टोकलं, "अगं, तो जीवच ना?" जीवच आहे, नाही कुठे म्हणते मी! पण आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून मारणं, पूर्ण सोडायची. बाकीची जितकी टाळता येईल तितकी टाळायची. गोचीड शोधून शोधून चिरडणं मला जमणार नाही. पण आपल्या कुत्र्याच्या अंगावरून गोचीड काकींच्या अंगणात, त्यांच्या नातवंडांत पोचणं, हे तर माझ्या निष्काळजीपणामुळे होईल. प्रमाद हेच हिंसेचं मूळ, असं आपण स्वाध्यायात ऐकतो. म्हणून औषधही लावलं आणि त्याहून जास्त काळजी घेतली ती गोचीड अंगावर चढूच नये याची. मोती पाचोळ्यात गेला नाही. तीनही दिवस पट्ट्यावर, डांबरी रस्त्याने. ईर्यासमिती मुनींची, पण चार हात पुढची जमीन बघून चालायची सवय तिथे आम्हालाही लागली.

दुसऱ्या दिवशी बांबर्डे गावच्या देवराईला जायचं ठरलं. तिथे जायफळाच्या कुळातली झाडं पाण्यात उभी आहेत. अशी जायफळाची दलदल महाराष्ट्रात फार दुर्मीळ, म्हणून ती २.५९ हेक्टर जागा शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आसपासचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल २०२० च्या जूनमध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. कर्नाटकातून २००० नंतर आलेले हत्ती या भागात फिरतात, म्हणून संध्याकाळी बाहेर पडायचं नाही अशी काकींची ताकीद होती.

मोतीला राईत न्यायचं नाही हे आम्ही घरूनच ठरवलं होतं. कारण ऐका. या जंगलात रानकुत्री आहेत, कोळसुंदे म्हणतात त्यांना. आपल्या पाळीव कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखा रोग त्यांना गेला तर त्यांचा कळपच्या कळप जाऊ शकतो. गिरनारच्या यात्रेमुळे गीर आपल्याला परकं नाही. २०१८ मध्ये तिथे थोड्याच दिवसांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. मोतीचं लसीकरण झालेलं आहे, तरीही राई ही त्याची जागा नाही. म्हणून एकाने मोतीपाशी थांबायचं आणि एकाने आत जायचं. हे म्हणाले, "तू जा आधी."

गावातल्या एका मुलाबरोबर मी गेले. आत थंडगार अंधार, खाली काळा चिखल आणि संथ पाणी. त्या चिखलातून झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर आली होती. मी विचारलं, ही अशी वर का? तो म्हणाला, "चिखलात हवा नाही ना, म्हणून श्वास घ्यायला वर येतात." त्या वर्षी श्वास या शब्दाचं काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी कडेलाच उभी राहिले. पाण्यात पाय घातला नाही, पान तोडलं नाही. अण्णांसाठी मनातल्या मनात णमोकार म्हटला आणि परत फिरले.

रस्त्याजवळ आले तर हे दगडावर बसलेले, मोती पायाशी. माझ्याकडे पाठ होती. हे त्याच्याशी बोलत होते. "मलाही आत सोडलं नाही रे, मोत्या. मीही असाच बाहेर बसलो होतो. सहा दिवस." मोती कान पाडून ऐकत होता. मग थोड्या वेळाने, "पाच वाजले की अण्णा आठवतात ना तुला? मलाही."

पाच महिन्यांत पहिल्यांदा ते नाव यांच्या तोंडून ऐकलं. धावत जाऊन खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. पण मी झाडामागेच थांबले. गावच्या मुलालाही खुणेनं थांबवलं. ते बोलणं मोतीशी चाललं होतं, माझ्याशी नव्हतं. त्यांचे खांदे स्थिर झाल्यावरच पुढे गेले आणि म्हटलं, "जा, तुमची पाळी." हे आत जाऊन आले. परतताना मोतीचा पट्टा यांच्याच हातात होता.

मैत्रिणींनो, त्या वर्षभर 'अंतर ठेवा' हे शब्द ऐकून आपण कंटाळलो होतो. अंतर म्हणजे दुरावा, असंच वाटायचं. तिलारीला मला ते वेगळं दिसलं. मेलेलं माकड दिसलं की रानात न जाणाऱ्या बायका, राईबाहेर थांबलेला कुत्रा, झाडामागे थांबलेली मी, हे सगळं अंतर समोरच्या जीवासाठीच होतं. दवाखान्याच्या दारात थांबवलं गेलं तेही कुणाच्या तरी जीवासाठीच होतं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आज पटतं. दुःख त्याने कमी होत नाही, पण त्यातली कटुता जाते.

आम्ही परतलो आणि दीड महिन्यात दुसरी लाट आली, १४ एप्रिलपासून पुन्हा कडक निर्बंध लागले. घरात बसलो, पण या खेपेला घर मुकं नव्हतं. पुन्हा मोकळीक मिळाली तसे हे पाच वाजता अण्णांची काठी घेऊन मोतीबरोबर निघू लागले.

तुम्हाला कुत्र्याला घेऊन अशा गावी जायचं असेल तर लस आणि गोचिडाचं औषध आधी करा, पट्टा सोडू नका, जंगलात आणि देवराईत त्याला नेऊ नका, त्याची घाण कागदात उचलून आणा आणि यजमानांना आधी विचारा. काजूच्या हंगामात जाणार असाल तर पाचोळ्यात बसू नका. आणि पाणी गाळायचं फडकं विसरू नका, तिकडे विहिरीचं पाणी फार गोड असतं.

जय जिनेंद्र.