झांज कुठे गेली?

मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' १४ एप्रिल २०२३ला आला. त्या दिवशी वेस्ट मांबलमच्या आमच्या घरात तमिळ नववर्ष होतं. सासूबाई कैरीच्या पच्चडीवर कडुनिंबाची फुलं घालत होत्या आणि मी हेडफोन लावून गच्चीत बसले होते. नावाचं भाषांतर मनात सुरू झालंच, धंद्याची सवय. बँडच्या हिशेबाने ७२ ऋतू म्हणजे आयुष्यातली पहिली १८ वर्षं. आपल्या शेतकऱ्याला विचाराल तर तेवढ्याच वर्षांचे ५४ ऋतू, पंचांगाला विचाराल तर १०८. तमिळांचेही सहाच. म्हणजे शब्दशः भाषांतर केलं की हा गायक बारा वर्षांचाच राहतो.

वहीत लिहिलं : '७७ मिनिटं. पन्नासात भागलं असतं. गाणी एकमेकांची सख्खी भावंडं, फक्त शेवटचं अकरा मिनिटांचं 'इनामोराटा' वेगळ्या रक्ताचं. मिश्रण बोथट. झांजा पार मागे ढकलल्यात.'

पहिल्या तीन वाक्यांवर मी आजही ठाम आहे.

अशी वही मी पुण्यात कॉलेजात असल्यापासून ठेवते. इथे आल्यावर कळलं की मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या संगीतमोसमात, सभागृहांच्या पहिल्या रांगांमधले अर्धेअधिक मामा-मामी अशाच वह्या मांडीवर घेऊन बसतात. कोणत्या रागात काय गायलं, कुठे घसरले, सगळं टिपतात. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांना कुणी 'हे काय ऐकतेस' असं विचारत नाही.

तर त्या नववर्षाच्या दुपारी मोठ्या दिरांचा मुलगा वर आला. वय अठरा, म्हणजे बरोबर ७२ ऋतू. त्याने माझे हेडफोन घेतले, दोन गाणी ऐकली. मी म्हटलं, झांजा बघ कशा दाबून टाकल्यात. तो म्हणाला, "इल्ल चित्ती, नल्ला केक्कुदे." नाही काकू, छान ऐकू येताहेत.

मला वाटलं, पोराला कान नाही.

पुढचं वर्ष मी असंच काढलं. नव्या अल्बमांचं ध्वनिमुद्रण बिघडत चाललंय, यंत्रांनी सगळं सपाट केलंय, असं लोकांना सांगत. मग एका तमिळ लेखकाने फोनवर आपली कथा वाचून पाठवली. गोष्टीतली म्हातारी पदराची गाठ सोडून कासु मोजते, कासु म्हणजे पैसे. मी ऐकलं 'कादु', म्हणजे कान. म्हातारी पदरातून कान काढून मोजते! मी खूप हसले. छापील मजकूर हातात आल्यावर हसू थांबलं. 'स' मला ऐकूच आला नव्हता.

तपासणी करणाऱ्या बाईंनी कागद समोर ठेवला. रेघ बरीच सरळ चालते आणि चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरते. आवाजाने दुखावलेल्या कानाची ही ओळखीची खूण, त्या म्हणाल्या. कारखान्यात काम करता का? मी नाही म्हटलं, मग खरं ते सांगितलं. वॉकमन, पुण्यातल्या ढोल-ताशा पथकातले चार गणपती, २००७ साली बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन. पुढे घुसून स्पीकरसमोर उभं राहायचा हट्ट दरवेळी माझाच. त्यांनी सगळं गंभीरपणे लिहून घेतलं. आयर्न मेडन कसं लिहिलं असेल कोण जाणे.

या खड्ड्यात काय काय पडतं? 'स', 'फ', 'थ' यांची धार. झांजेची सळसळ. घाव ऐकू येतो, 'ठक्' असा. त्याच्यामागून जी चांदी सांडत जाते ती जाते. म्हणजे मी वर्षभर ज्याला बोथट मिश्रण म्हणत होते ते अंशतः तरी माझ्या डोक्यातच होतं. अंशतः किती, हे आता ठरवायचं कसं?

घरी येऊन 'मास्टर ऑफ पपेट्स' लावला. १९८६चा. त्यातली एकूण एक झांज ऐकू आली! जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, ती कान ऐकत नव्हता. पस्तीसेक वर्षांच्या त्या ध्वनिमुद्रणातली प्रत्येक जागा मला पाठ आहे आणि जे येत नाही ते आठवण आतून भरते. नव्या अल्बमसाठी आठवणच नसते. तिथे जेवढं येतं तेवढंच येतं.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. कानात यंत्र आहे, पण अयोध्या मंडपात कचेरी ऐकताना त्या ते काढून पर्समध्ये ठेवतात, कारण यंत्रातून व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतं. "कल्याणी चाललाय हे कळलं की पुरे," त्या म्हणाल्या. "तो कुठे जाणार मला ठाऊक असतं." आणि ठाऊक नसलेलं काही गायला तर? "मग शेजारणीला विचारते."

तेव्हापासूनची माझी मतं या खड्ड्यासकट वाचावीत.

ज्युडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड', मार्च २०२४. रॉब हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा. ग्लेन टिप्टनला पार्किन्सन असल्याचं २०१८लाच जाहीर झालेलं. अशा वेळी चाहते 'या वयात सुद्धा' म्हणून गुण वाढवून देतात. मांबलमचे मामा तसं करत नाहीत. आवाज गेला तर गेला म्हणतात, आणि मग उरलेल्या विद्येबद्दल बोलतात. त्या कसोटीवरही हा अल्बम उभा राहतो. 'पॅनिक अटॅक'मधला तो वरचा स्वर मला पुरता ऐकू आला. अजून येतो याचा आनंद हॅलफर्डसाठी की माझ्यासाठी, ते नका विचारू.

दिल्लीच्या ब्लडीवुडचा 'नु दिल्ली', २०२५. शब्द घोषणांसारखे, एकदा ऐकून संपणारे. ढोल मात्र थेट बरगडीत. खालचे सूर माझे शाबूत आहेत, त्यामुळे या अल्बमला मी जास्त गुण देते का, अशी शंका आहे. पुण्याच्या मिरवणुकीतही आता मला ढोल येतो आणि ताशा अर्धाच येतो.

आणि ओपेथ. २००९ साली त्यांना मी आयआयटी मद्रासच्या सारंगमध्ये ऐकलं. नुकतीच चेन्नईत आले होते, तमिळ अक्षरं रस्त्यावरच्या पाट्यांवरून शिकत होते. तमिळही कळत नव्हतं आणि मिकाएल ऑकरफेल्टचं गुरगुरणंही, पण दुसऱ्यात मी परकी नव्हते. नंतरच्या अल्बमांतून ते गुरगुरणं त्याने सोडून दिलं. २०२४च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये ते परत आलं. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, घरातल्या कर्त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय, पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसते कलमांचे क्रमांक. मेलेला बाप गुरगुरतो आणि जिवंत माणसं गप्प बसून ऐकतात. गेल्या काही वर्षांत मी ऐकलेलं हे सर्वांत चांगलं काम. गुरगुरणं पूर्ण ऐकू येतं, सासूबाईंच्या पुटपुटण्यापेक्षा स्पष्ट. जेथ्रो टलचा इयन अँडरसन बासरी वाजवतो. तिच्यातला सूर मिळतो, फुंक मिळत नाही. आणि नवा ड्रमर वाल्टेरी वायरिनेन झांजांवर फार नाजूक काम करतो असं जो तो म्हणतो.

ते वाक्य 'म्हणतो' वरच सोडावं लागतं. समीक्षा लिहिताना असं कधी लिहिलं नव्हतं.

यंत्र घ्यायचं ठरलंय, मार्गळी संपल्यावर. तोवर रविवारी संध्याकाळी पुतण्या येतो. हेडफोन नाही, खोलीत स्पीकर, आवाज बाईंनी सांगितला तेवढाच. मी वही घेऊन बसते. तिसरं कलम लागतं. तो डोळे मिटून ऐकतो आणि जिथे झांज सळसळते तिथे बोट वर करतो.

"इप्पो," तो म्हणतो. आत्ता.

मी खूण करते.

"इप्पो."